जप्त झालेली मराठी

बायकोचा आवाज गेल्यानंतर आमच्या घरात पहिला जो परका आवाज घुमला तो रमीच्या जाहिरातीचा. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बाहेरच्या खोलीतून एक बाई खणखणीत हिंदीत बोलली आणि, खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बायकोलाच वाचा फुटली असं वाटलं. गाळणी हातात तशीच धरून मी पळत बाहेर आलो. बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती, दोन्ही हात चटका बसल्यासारखे कळांवरून उचललेले. पडद्यावर एक हसरी मुलगी सोन्याची नाणी उधळत मला पत्ते खेळायला बोलवत होती.

त्या मुलीला घरात मीच घेतलं होतं. कसं, ते सांगतो.

माझी बायको कोर्टात मराठी टायपिस्ट होती. नोकरीभर तिनं दावे, जबाब आणि निकालपत्रं टाइप केली. आधी टाइपरायटरवर, मग कोर्टात कॉम्प्युटर आले तेव्हा कॉम्प्युटरवर. कळांच्या जागा मात्र त्याच राहिल्या, कारण टाइपरायटरसारखीच मांडणी असलेला एक मराठी प्रोग्राम तेव्हा सीडीवर मिळायचा. निवृत्तीनंतर तोच प्रोग्राम तिनं सिडकोतल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाकून घेतला. मी चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पॅनेलवर लाल दिवा लागला की आधी मेन स्विच पाडायचा आणि मग विचार करायचा, ही आमच्या खात्याची शिकवण. ती माझ्या अंगात इतकी मुरली की घरातही मी तसाच वागायचो. दूध नासलं की मेन पाडला, पाहुणे उशिरा आले की मेन पाडला. तिनं ते सोसलं असं म्हणणार नाही. ती तोंडाला तोंड द्यायची, आणि बहुतेक वेळा जिंकायची.

मग घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरपेटी काढावी लागली. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर पातळ रुमाल आला. गळ्याला टेकवून बोलायचं एक मशीन हॉस्पिटलात दाखवलं होतं. त्यातून डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज निघाला, तेव्हा तिनं ते बाजूला सारलं ते सारलंच. घरी पाटी आली, मार्करनं लिहायची, पांढरी.

पाटीवर ती 'पाणी' लिहायची, 'औषध' लिहायची, 'झोपते' लिहायची. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. पाटीवरची बाई आपल्या घरची राहिली नाही, पाहुणी झाली, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. एक दिवस मी तिला गोळ्या काढून दिल्या तर तिनं 'धन्यवाद' लिहून दाखवलं. मी गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीआड उभा राहून रडलो. आमच्या सबंध संसारात तिनं मला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं.

मग एका दुपारी ती आपण होऊन कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली आणि टाळी वाजवून मला बोलावलं. अक्षर चांगलं मोठं केलं होतं. पडद्यावर होतं, 'अहो, चहा म्हणून रोज काय पाजायलात मला? पत्ती कळंना, साखर कळंना. बसा इथं. लई बोलायचंय.'

मी बसलो. त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा चालू झालं. मी तोंडानं बोलायचो, ती दहा बोटांनी. आणि तिचा वेग काय सांगू, कोर्टात वकील बोलून संपायच्या आत तिचं टाइप झालेलं असायचं म्हणे. टायपिस्ट कळांकडं बघत नाही, पडद्याकडंही नाही, समोरच्या कागदाकडं बघतो. आता समोर कागद नव्हता, मी होतो. म्हणून बोलताना ती सरळ माझ्या तोंडाकडं बघायची. डोळ्यांत हसू, भुवया वर, बोटं खाली पळताहेत. कोर्टाची भाषा तिच्या हातात बसलेली होती, तीच ती माझ्यावर वापरायची. 'गैरअर्जदार यांनी कालची कढई घासलेली नाही. सबब त्यांना आज भाकरी देण्यात येऊ नये.' गैरअर्जदार म्हणजे मी. एवढं तिचं बोलणं टिकावं, याच्यापलीकडं मला त्या दिवसांत काही नको होतं.

पण माणूस हावरा. मला ते कानानं ऐकायचं होतं. मी स्वयंपाकघरात असावं आणि बाहेरून तिनं हाक मारावी, असं वाटायचं. लिहिलेलं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळतो, असं कळलं. शोधला. एक मोठं हिरवं बटण दिसलं, दाबलं. मग पडद्यानं विचारलं, तुम्ही रोबोट नाही ना? नसाल तर परवानगी द्या. मी रोबोट नव्हतो, दिली. आणखी काय काय विचारत गेलं, मांडवातल्या वरबापापुढं मुलीच्या बापानं मान हलवावी तसा मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेलो. तो प्रोग्राम शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. बोलली ती रमीवाली.

तिच्यामागून बाकीचे आले. टक्कल घालवणारे, कर्ज देणारे, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' म्हणून स्वतःच बोंब मारणारे. उघडलेल्या पानाच्या मधोमध चौकट यायची आणि बायकोनं त्या वेळी टाइप केलेलं सगळं त्या चौकटीत पडून नाहीसं व्हायचं. ती माझ्याकडं बघत बोलत असायची, तिला पत्ताच नसायचा. मी हात वर करून थांबवायचो. ती वळायची, चौकट बंद करायची, तुटलेल्या वाक्याचं शेपूट शोधायची. होता होता तिनं माझ्याकडं बघणंच सोडलं. जोंधळ्याच्या शेतात पाखरं राखायला बसल्यासारखी ती पडद्यावर नजर ठेवून बसायची.

एकदा ती दौलताबादची गोष्ट सांगत होती. लग्न नवं होतं, किल्ला चढताना तिला दम लागला आणि मी रागानं पुढं निघून गेलो होतो. तिच्या बाजूनं ती गोष्ट मला कधीच कळलेली नव्हती. अंधारीपाशी, किल्ल्यातल्या त्या काळोख्या बोगद्यापाशी, एकटी पोचल्यावर काय झालं, इथपर्यंत आली आणि चौकट पडली. बंद केली, दुसरी पडली. तिनं जागा शोधली, दोन अक्षरं टाइप केली, तिसरी पडली. मग तिनं लिहिलं, 'जाऊ द्या.' भांडणातसुद्धा या बाईनं कधी जाऊ द्या म्हटलं नव्हतं. मी कॉम्प्युटरला आईमाईवरून शिव्या दिल्या. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

मी मागे लागलो. ज्या दुपारी ते हिरवं बटण दाबलं, त्या तारखेला आलेलं जे जे प्रोग्रामच्या यादीत दिसलं ते उपटून काढलं. परवानग्या दिल्या होत्या त्या शोधून शोधून परत घेतल्या. पुष्कळ गेलं. पण एक जात अशी होती की आज काढावी आणि उद्या सकाळी पुन्हा उगवलेली दिसावी. गाजरगवत परवडलं.

मुलगी पुण्याला असते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, चांगला अँटिव्हायरस टाका, तो सगळं हुडकून काढंल." टाकला. तपासणी पुष्कळ वेळ चालली. बायको आत आडवी झाली होती. शेवटी यादी आली आणि तीत सगळ्यात वर एक लाल ओळ होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. इंग्रजी होतं, पण पॅनेलवरचं इंग्रजी वाचण्यात माझा जन्म गेला, मला बरोबर कळलं. हा प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ बघतो आहे.

म्हणजे कुणीतरी माझ्या बायकोचं बोलणं ऐकत होतं. तिनं मला काय काय सांगितलं होतं त्या पानांवर! गळ्यातलं भोक आरशात बघवत नाही, हे. मी आधी गेले तर तुम्ही पोरीच्या दारात जाऊन राहू नका, हे. रात्री श्वास अडकेल म्हणून झोपायची भीती वाटते, हे. आणि तेवढा वेळ कोण कुठला हरामखोर शेजारी बसून ते वाचत होता. न्हाणीघराच्या खिडकीत माणूस दिसावा तसं मला झालं. मी तिला उठवलं नाही, विचारलं नाही. लाल दिवा लागला होता. मी मेन पाडला. 'सगळं काढा' दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. रमीवाली नाही, टक्कलवाला नाही. मी वाट बघितली, कुणी आलं नाही. बायको उठून आली तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बस. आता खुशाल माझ्याकडं बघून बोल. मधी कोणी येत नाय."

ती बसली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघितलं आणि बोलायला लागली. बोटं पळत होती, डोळे बोलत होते, कुठंतरी ती हसलीसुद्धा, पुष्कळ साठलेलं होतं. मी पडद्याकडं बघितलं. तिथं इंग्रजी अक्षरांचा चिवडा पडत होता. एक शब्द ना मराठी, ना इंग्रजी. मी हात वर करायला पाहिजे होता. माझ्याच्यानं झालं नाही. ती इतकी रंगात आली होती की मी मान हलवत राहिलो, व्हय व्हय करत राहिलो. मग तिला माझं तोंड दिसलं असणार. तिनं वळून बघितलं.

जुनी पानं उघडली, तीही तशीच. आमचं सगळं बोलणं, भांडणं, कढई, भाकरी, सगळ्याचा चिवडा. पानाच्या सुरुवातीला मात्र एकच चार अक्षरं पुन्हा पुन्हा होती, व्ही, जी, के, एस. मी बोट ठेवलं. तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, 'अहो.'

मी कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पायांत धरून पैठण गेटजवळच्या एका दुकानात नेला. दुकानदार उभ्या उभ्या बघून म्हणाला, "अंकल, वो तुमारा मराठी टायपिंगका प्रोग्राम था. अँटिव्हायरस उसकू चोर समज्या, तुम उडा दिये."

"पण ते प्रत्येक कळ बघत होतं ना?"

"हौ, तो? कळ देखेगा नै तो मराठी अक्षर बनाएगा कैसे?"

चोरांबरोबर संन्याशालाही फाशी. तो बिचारा प्रोग्राम वर्षानुवर्षं तिच्या बोटांकडं बघत बसला होता, कारण तेच त्याचं काम होतं. 'क'ची कळ दाबली की 'क' काढून द्यायचा. जुनी पानंही त्याच्याच अक्षरांत होती, तो गेला तशी तीही गेली. खरे चोर सापडले ते सापडले, पण त्याच धाडीत मी त्यालाही धरला.

"मग तोच परत टाका," मी म्हणालो. सीडी घरी होती, पण चरे पडून कधीच निकामी झालेली. दुकानदार म्हणाला, वो पुराना अब मिलता नै, सब साफ करके नया डाल देता. ती नवीन मराठी म्हणे मोबाईलसारखी, इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी उमटेल. मी विचारलं, साफ केलं तर जुनी पानं वाचता येतील का? तो नको म्हटल्यासारखा हात हलवून म्हणाला, "भूल जाव अंकल." मी डबा तसाच घरी आणला.

तरी ती नवीन पद्धत मी मुलीला विचारून घरी चालू केली. बायको बसली. तिनं 'अहो' टाइप केलं, भलतंच उमटलं. खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा भलतंच. मग ती खाली बघून एका बोटानं एकेक इंग्रजी अक्षर टिपायला लागली. जिच्या वेगाला वकील दबकायचे ती बाई कावळ्यासारखी एकेक दाणा उचलत होती. एक ओळ होईतो तिच्या कपाळावर घाम आला. तिनं ती ओळ पुसली, कळफलकावर कापड टाकलं आणि आत निघून गेली.

मुलीला फोन केला तर ती घाईघाईनं म्हणाली, "बाबा, सोपं हाय की, मोबाईलवर बोललं की आपोआप टाइप होतंय, आईला म्हणावं नुसतं बोल..." आणि थांबली. मग फोनमध्ये तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

खरा टाइपरायटर मिळतो का, म्हणून औरंगपुऱ्यात हिंडलो. टायपिंगचे क्लास होते तिथं कोचिंगचे क्लास लागलेत, मशीन कधीच भंगारात गेली. टाइपरायटरसारखी मांडणी असलेला नवा प्रोग्राम इंटरनेटवर आहे असं कळलं, तर त्या पानावर एकसारखी हिरवी बटणं ओळीनं उभी. खरं कुठलं ते देवाला ठाऊक. दाबलं एक. दुसऱ्या दिवशी रमीवाली परत आली, आणि या वेळी बहिणींना घेऊन. आगीतून फुफाट्यात.

बायको पाटीवर परतली. 'पाणी.' 'औषध.' 'झोपते.'

आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे सण. त्या दिवशी ती गच्चीवर टाकीपाशी उभी होती आणि मी खाली कॉम्प्युटरशी झगडत होतो. टाकी भरून वाहायला लागली. मोटरचं बटण खाली माझ्याजवळ; तिला ओरडता येईना, म्हणून हाकेसाठी वर नेलेली ताटली तिनं घेतली आणि उलथन्यानं बडवायला लागली. मला वाटलं, नवीन जाहिरात आली, आता घंटावाली. मी एकेक चौकट उघडून कुठून आवाज येतोय ते शोधत बसलो, आणि वर माझी बायको जीव तोडून ताटली बडवत राहिली. शेजारीण दारात येऊन कडाडली, "ओ भाऊ, लोकाला प्यायला नाय अन् तुमचं रस्त्यानं वाहायलंय!" बायको भिजून खाली आली. गळ्यावरचा रुमाल ओला झाला होता, त्यातून घरघर श्वास चालला होता. तिनं पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याशी बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

हॉस्पिटलच्या तारखेलाही तसंच झालं. एरवी ती डॉक्टरांसाठी पानभर टाइप करून न्यायची, झोप, भूक, दुखणं, सगळं मुद्देसूद. डॉक्टर हसून म्हणायचे, "आला का बाईंचा जबाब?" या वेळी आम्ही पाटी घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? बाहेर ही रांग. मीच म्हणालो, "नाय डॉक्टर, चांगलंय सगळं." तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाटीवर 'ठीक' लिहिलं. पुढचा पेशंट आत आला.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला, वाटलं आज तरी काही सुचेल. लावताक्षणी ती मुलगी नाणी उधळत आली. माझं डोकं फिरलं. मी वायरी उपटल्या, डबा उचलला आणि गॅलरीकडं निघालो. खाली फेकायचा, फुटू दे, संपू दे एकदाचं. बायको दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात पाटी होती.

'मुद्देमाल कुठाय?'

"कसला मुद्देमाल? सरक!"

तिनं पुसलं, लिहिलं. 'जप्त केला ना?' पुसलं, लिहिलं. 'जप्त माल फेकत नाहीत.' पुसलं. 'हुकूम होईपर्यंत मालखान्यात ठेवतात.'

मी डबा छातीशी धरून उभा. काय म्हणतेय ते मला समजेना, पण तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी भांडायला आल्यासारखा दिसत होता. मी डबा खाली ठेवला. वायरी तिनंच जोडल्या. इंटरनेटची वायर तेवढी जोडली नाही. अँटिव्हायरस उघडला आणि निकालपत्र तपासताना बसायची तशी बसली, एकेक इंग्रजी ओळीखाली बोट फिरवत, एक शब्द न गाळता. मी म्हणत होतो, अगं गेलं ते, उडालं, दुकानदारानं बघितलंय. तिनं ढुंकून बघितलं नाही. मधेच कोरी पांढरी चौकट यायची, वायर नसल्यामुळं जाहिरातीला आत येता येत नव्हतं, ती ती बंद करायची आणि पुन्हा ओळीवर बोट.

आणि निघाला मालखाना. एका कोपऱ्यातल्या पानावर सगळी जप्ती यादीनं मांडलेली होती, तारखेसकट. नाणीवाले, टक्कलवाले, आणि त्यांच्या मधोमध गरिबासारखा तिचा मराठी प्रोग्राम. तपासणीच्या लाल ओळीत मला ते नाव परकं वाटलं होतं, तिनं ते सीडीवर वर्षानुवर्षं वाचलेलं होतं. समोर दोनच पर्याय होते, कायमचं नष्ट करा किंवा परत द्या. तिनं परत देण्यावर दाबलं. पडद्यानं पुन्हा बजावलं, हा प्रोग्राम तुम्ही टाइप कराल ते सगळं बघू शकतो, खात्री आहे का?

मी तिचा हात धरला. "अन् खरंच कोणी ऐकत असलं तर?"

तिनं पाटीवर लिहिलं, 'ऐकू द्या.' आणि हो म्हटलं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. तिनं एक जुनं पान उघडलं. व्ही जी के एस नव्हतं. 'अहो' होतं. मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले. मी लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो आणि तिच्या खांद्याला धरून म्हणालो, "बोल. काय वाटंल ते बोल. शिव्या दे."

तिनं नवं पान घेतलं. कळांवर बोटं ठेवली. मग टाइप केलं.

'परत आलंय ते. घास अडकायलाय. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "कधीपासून?"

'हॉस्पिटलला गेलो त्याच्या आधीपासून.'

"मग पाटीवर 'ठीक' कामून लिहिलंस?" मी ओरडलो. "डॉक्टर समोर बसला होता! दोन शब्दांचं तर काम होतं!"

ती माझ्याकडं बघत होती. बोटं खाली चालली होती.

'दोन शब्द मावले असते. पुढचं मावलं नसतं. दोन शब्द लिहिले की तुम्ही मेन पाडणार, डॉक्टर तारीख देणार, अन् मी पाटी पुसत ऑपरेशनला जाणार. मला आता कापून घ्यायचं नाय. कामून नाय, ते सांगायला मला पानं लागतात. तुम्ही ऐकणार नाय, भांडणार, माहिताय मला. पाटीवर भांडता येत नाय म्हणून थांबले होते. आता भांडा.'

मी भांडलो. ओरडलो, हात जोडले, पोरीची शपथ घातली. तिनं मला एकदाही मध्ये तोडलं नाही. माझं सगळं बोलून संपलं तेव्हा तिनं नवं पान उघडलं आणि माझ्या पहिल्या मुद्द्यापासून उत्तर द्यायला सुरुवात केली.